सातवी बाटली

सदा,

तुझ्यावर दोन पानं लिहून द्या, असं सोसायटीच्या स्मरणिकेवाल्यांनी सांगितलंय. फोटो त्यांच्याकडे आहे. होळीचा आहे, तुझ्या एका कानाला गुलाल लागलेला दिसतो. हे सगळं गोळा करणारी ए विंगची मुलगी म्हणाली, "काका, तुम्हीच लिहा. तुमच्याएवढं सावंतकाकांना कोण ओळखतं?" मी हो म्हटलं. अकरा वर्षं सेक्रेटरी होतो, कोणी लिहायला सांगितलं की हो म्हणायची सवय आहे.

तुला जाऊन आज चोवीस दिवस झाले. मला रडू आलेलं नाही. सकाळचा चहा पिऊन तू आडवा झालास तो उठलाच नाहीस, हे सुलभा वहिनींनी फोनवर सांगितलं तेव्हा मी दाढी करत होतो. उरलेली दाढी मी पूर्ण केली आणि मग तुझ्याकडे आलो. तुझे पाय हातात घेतले. ते अजून पुरते गार झाले नव्हते. लिफ्ट लहान, म्हणून जिन्याने उतरवायचं ठरलं, तर मी पुढे राहून प्रत्येक वळणावर "जरा डावीकडे घ्या, डावीकडे" सांगत होतो, कपाट हलवताना सांगतात तसं. स्मशानात भिंतीवरच्या सूचना तीनदा वाचल्या. घरी येऊन आंघोळ केली आणि वरणभात खाल्ला. बायको म्हणाली, "अहो, काहीतरी बोला तरी." जे बोलायचं होतं ते तुझ्याशी होतं.

या दोन पानांत तुझा जन्म, शाळा, नोकरी यातलं फारसं येणार नाही. तू कॉलेजच्या बॉटनी लॅबमध्ये असिस्टंट होतास आणि आपण एकाच वर्षी बोरीवलीत राहायला आलो, एवढं पुरे. मला हिरवळीबद्दल लिहायचंय. ए आणि बी विंगच्या मधली जागा, जिथे आता पेव्हर ब्लॉक आहेत, तिथली. ही स्मरणिका वाचणाऱ्या प्रत्येकाला ती हिरवळ माहीत आहे, आणि ती कोणी जाळली हेही माहीत आहे असं सगळ्यांना वाटतं. पोरं अजून एखादी गोष्ट फसली की "सावंतांचा प्रयोग" म्हणतात. गेल्या आठवड्यात क्रिकेट खेळताना एकाने रिव्हर्स स्वीप मारायला जाऊन दांडी गुल करून घेतली, तर दुसरा ओरडला, "अरे, सावंतांचा प्रयोग झाला याचा!" तू जाऊन तेव्हा अठरा दिवस झाले होते. मी बाकावर बसलो होतो. तिथेच बसून राहिलो.

ती जागा म्हणजे नुसता राडारोडा होता. पाण्याची टाकी बांधली तेव्हाचा विटांचा, सिमेंटचा सगळा चुरा तिथेच पसरला होता आणि वर मुरूम टाकून मोकळे झालो होतो. वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी मऊ जमिनीवर चालायला सांगितलं. तू खाली आलास, टाच आपटून बघितलीस आणि म्हणालास, "शिऱ्या, आपल्याकडे मऊ जमीनच नाही रे कुठे. सगळं कडक."

"मग लॉन करू," मी म्हटलं. "नर्सरीतून गालिचे मिळतात, गुंडाळी आणायची आणि पसरायची. चार दिवसांत हिरवंगार."

"आणि चार महिन्यांत वाळकं. खाली काय आहे ते बघ ना आधी. विटांवर गवत लावतोस काय?"

त्यानंतर दोन महिने आपण गवताबद्दल बोललोच नाही, फक्त खताबद्दल बोललो. माझी चिडचिड व्हायची. रविवारी सकाळी तू मला स्कूटरवर मागे बसवून नर्सऱ्या फिरवायचास. कुठेही गेलं की गोणीत हात घालायचास, मूठ दाबून बघायचास, नाकाशी न्यायचास. तो नर्सरीवाला भय्या एकदा म्हणाला, "साब, खाना है क्या?" तू म्हणालास, "तेरा माल तो बकरी भी नहीं खाएगी," आणि दोघंही हसलात. शेणखत तू नाकारलंस, ताजं आहे, तणाचं बी भरलेलं आहे म्हणून. कोंबडखत बघायलाही थांबला नाहीस, कोवळी मुळं भाजून काढतं म्हणालास. मला कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आवडलं होतं. हलकं, स्वच्छ, विटेसारखं बांधलेलं. "हे घेऊ ना," मी म्हटलं. "उन्हाळ्यात ठीक आहे," तू म्हणालास, "पावसाळ्यात स्पंज होईल. गवताची मुळं बुडून मरतील. आणि त्यात खायला काय आहे मुळांना? नुसता गादीचा कापूस." हा वाद आपला शेवटपर्यंत मिटला नाही. मला अजून वाटतं थोडं कोकोपीट चाललं असतं. आता तू उत्तर देणार नाहीस, म्हणून मुद्दाम लिहितोय.

शेवटी तू ठरवलंस ते पानांचं खत. पंपरूमच्या मागे तुझा ढीग होताच. गल्लीतल्या सोनमोहराची आणि आपल्या आवारातल्या पर्जन्यवृक्षाची पानं झाडूवाल्या बाईंशी गोड बोलून तू आधीच मिळवून ठेवायचास. ही पानं बारीक, लवकर कुजतात. बदामाची पानं मात्र बाजूला काढायचास, ती वर्षभर चामड्यासारखी राहतात म्हणून. थोडं ताक, थोडी जुनी माती, वर गोणपाट. दर पंधरवड्याला ढीग उलटायचा. एकदा तू माझा हात धरून कोपरापर्यंत त्यात खुपसलास. आत चटका बसेल इतकं गरम होतं. मी हात मागे ओढला.

"आत काम चालू आहे," तू म्हणालास. "असं गरम असताना जमिनीत घातलं तर ते काम मुळांपाशी चालू राहील, आणि मुळं मरतील. थंड झालं की तयार. हात घालून बघ, गरम लागला तर थांब. एवढंच शास्त्र."

पुढचं नीट क्रमाने सांगतो.

त्याच वर्षी आपल्या सोसायटीत ओल्या कचऱ्याचं मशीन आलं होतं. ते मी आणलं होतं. चोवीस तासांत खत, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं आणि मी ते सर्वसाधारण सभेत उभं राहून सांगितलं होतं. मशीन चालत होतं. रोज सकाळी त्यातून तपकिरी पावडर निघायची, तिला तव्यावर करपलेल्या भाजीसारखा वास यायचा. गोण्या भरून इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, स्टिल्टमध्ये, रचून ठेवल्या होत्या. कुंड्यांना न्या म्हणून नोटीस लावली, कोणी नेल्या नाहीत. तू एक मूठ घेतलीस, त्यावर पाणी शिंपडलंस, वास घेतलास आणि चिडल्यावर तुझं मालवणी बाहेर यायचं तसं आलं.

"ह्या खत न्हय रे. ह्या सुकयलेला जेवाण."

"म्हणजे?"

"म्हणजे काल रात्रीचा भात, भाजी, लोणचं. मशीनने वाळवून भुगा केलाय, कुजवलं कुठे? पाणी लागलं की आत्ता कुजायला लागेल. आणि मीठ बघ किती असेल यात. हे चार महिने माझ्या ढिगात मुरू दे, मग बघू."

तू हे माझ्याशी बोललास, चारचौघांत नाही. माझं नाक राहावं म्हणून. मला ते तेव्हाही कळलं होतं, आणि तरी मला राग आला.

आणि दिवाळीच्या मीटिंगमध्ये मी जाहीर करून बसलो की सव्वीस जानेवारीचं झेंडावंदन नव्या हिरवळीवर होईल. टाळ्या पडल्या. तू माझ्याकडे बघितलंस, बस्स.

नंतर जिन्यात म्हणालास, "शिऱ्या, ढीग अर्धाच तयार आहे. अर्धा अजून गरम आहे. एक काम कर, या वर्षी अर्ध्याच जागेत कर. ए विंगकडची बाजू. उरलेली पुढच्या वर्षी."

"अर्धं लॉन? लोक हसतील."

"हसू देत. अर्धं जगेल तरी."

"सदा, सगळं एकदम झालं पाहिजे. अर्ध्यावर झेंडा लावू का?"

"झेंड्याला काय, एक पाइप पुरतो," तू म्हणालास.

मग तू आठ दिवस गावाला गेलास. डिसेंबर होता, गावची जत्रा होती, देवीच्या ओट्या, दशावतार. दरवर्षी जायचास. जाताना मला एक कागद देऊन गेलास. लॅबमधल्यासारखं सुवाच्य लिहिलेलं: राडारोडा वीतभर खणून काढणे. लाल माती भरणे. त्यावर तयार खत तीन बोटं पसरून खालच्या मातीत नीट मिसळणे, नुसते वर ठेवू नये. पुरत नसल्यास अर्ध्या जागेत करणे. खाली रेघ मारून, पुन्हा: अर्ध्या जागेत करणे.

मी मजूर बोलावले. राडारोडा काढला, लाल माती आणली. तुझं तयार खत मोजून बघितलं तर खरंच अर्ध्या जागेला पुरत होतं. मी तिथे उभा होतो. स्टिल्टमध्ये माझ्या गोण्या होत्या. मुकादम म्हणाला, "साहेब, ते पण खतच आहे ना?"

मी म्हटलं, "हो, ते पण खतच आहे."

त्या सगळ्या गोण्या आम्ही खाली ओतल्या. पूर्ण जागेत. त्यावर थोडी लाल माती, आणि सगळ्यात वर तुझं काळं खत पातळ करून पसरवलं. वरून बघितलं तर सगळं तुझंच दिसत होतं. असं दिसावं हे मला तेव्हा माहीत होतं का? होतं. मी दुसऱ्यांदा पसरायला लावलं, एका कोपऱ्यात तपकिरी दिसत होतं म्हणून.

तू परत आलास. मालवणी खाज्याची पुडी माझ्या हातात दिलीस आणि तसाच बॅगेसकट खाली बसलास. मूठभर माती उचललीस, नाकाशी नेलीस. "झकास," म्हणालास. "पुरलं की रे सगळीकडे. कसं काय?"

"पातळ केलं थोडं," मी म्हटलं.

"आणि स्टिल्टमधल्या गोण्या?"

"नर्सरीवाला घेऊन गेला."

"बरं झालं. पीडा गेली."

मग दोन दिवस आपण सगळ्यांनी हरळीच्या काड्या टोचल्या. तुला गालिचा नकोच होता. गल्लीच्या टोकाच्या मैदानातून तू हरळी उपटून आणली होतीस, बोटाबोटाच्या काड्या केल्या होत्यास. बी विंगचे देशमुखसुद्धा पायजमा वर करून बसले होते. वहिनी खुर्ची टाकून काड्या मोजून देत होत्या. तू प्रत्येकाला सांगत फिरत होतास, "डोळा मातीत जाऊ दे, शेंडा बाहेर." माझ्या आयुष्यातले ते दोन दिवस चांगले होते. खाली काय आहे ते माहीत असूनही चांगले होते, हे सांगायला लाज वाटते.

सव्वीस जानेवारीला कोवळं हिरवं दिसायला लागलं होतं. टाळ्या पडल्या. तू वहिनींना हात धरून दहा पावलं चालवलंस. त्या म्हणाल्या, "गुदगुल्या होतात हो."

पंधरा दिवसांनी पिवळे डाग पडले. मग वास यायला लागला, मग माश्या. सकाळी बघावं तर घुशींनी बिळं काढलेली. तू रोज कॉलेजला जाण्याआधी उकिडवा बसून बघायचास. मी वरून खिडकीतून तुला बघायचो. एका संध्याकाळी तू माझ्याकडे आलास. चहा घेतला नाहीस.

"शिऱ्या, एक कळत नाही. घुशी का येतायत? पानांच्या खतात घुशींना खायला काय आहे?"

मी म्हटलं, "काय की."

"उद्या कॉलेजातून आलो की चार ठिकाणी खणून बघू. खाली काहीतरी आहे."

दुसऱ्या दिवशी तू कॉलेजात असताना मी डंपर बोलावला. दुपारपर्यंत वीतभर माती उचलून नेली. देशमुखांना सांगितलं, वासाच्या तक्रारी फार आल्यात, थांबता येत नाही. ते म्हणाले, योग्य केलंत. तू संध्याकाळी आलास तेव्हा तिथे खड्डा होता. तू खड्ड्याकडे बघत बॅग खांद्यावर तशीच ठेवून उभा राहिलास. मला म्हणालास, "अरे, निदान एक बादली तरी ठेवायचीस माझ्यासाठी."

खत घालणं एक वेळ चूक म्हणता येईल. डंपर चूक नव्हती.

मार्चमध्ये सभा झाली. देशमुख बोलायला उठले. "सावंतसाहेब, आपली सोसायटी म्हणजे तुमची लॅब नव्हे. तुम्हाला पालापाचोळ्याचे प्रयोग करायचे असतील तर गावी करा." दोघं-चौघं हसले. कोणीतरी मागून म्हणालं, "घुशी पण परीक्षेला बसल्या होत्या." पुन्हा हसले. मी टेबलाशी बसून लिहीत होतो. तू उठलास. मला वाटलं, आता बोलेल, आता घुशींचं विचारेल.

तू म्हणालास, "चूक माझीच असणार. खत कुठेतरी कच्चं राहिलं असेल. श्रीकांतने सगळं मी सांगितलं तसंच केलं, त्याला बोलू नका."

तू मला कधी श्रीकांत म्हणत नव्हतास. चारचौघांत माझा मान ठेवायला म्हणालास.

मी खाली मान घालून लिहीत राहिलो. त्या सभेचं इतिवृत्त माझ्या अक्षरात आहे. त्यात असं आहे: "श्री. सदानंद सावंत यांनी पुरवलेले खत अपक्व असल्याने हिरवळ नष्ट झाली. श्री. सावंत यांनी ते मान्य केले. सदर जागी पेव्हर ब्लॉक बसवण्याचा ठराव एकमताने संमत." एकमताने, म्हणजे तुझाही हात वर होता. आणि माझाही.

त्यानंतर दोन वर्षं आपण रोज भेटत होतो. सकाळी चालायला जात होतो. तू पंपरूममागचा ढीग बंद केलास, झाडूवाल्या बाईंना सांगितलंस, आता पानं ठेवू नका. तुझं माझ्याशी वागणं तसूभर बदललं नाही. फार पूर्वी माझी मुलगी बायोलॉजीत नापास झाली होती, तिला तू कांद्याचा पापुद्रा भिंगाखाली दाखवून शिकवलंस, ती आज परदेशात तोच विषय शिकवते. माझे वडील आयसीयूत होते तेव्हा माझ्या शेजारी बाकड्यावर तीन दिवस बसलास आणि एकदाही सगळं ठीक होईल म्हणाला नाहीस. हे मी सांगायला हवं होतं तुला. पण मला वाटायचं, हे सांगायला तोंड उघडलं तर ते दुसरंही बाहेर येईल. म्हणून आभारही मानले नाहीत. चालताना मी तुला शेअरबाजाराच्या गप्पा सांगायचो. तू ऐकायचास. मधेच कुठल्या तरी बागेत हिरवळ दिसली की तुझी पावलं हळू व्हायची. मी विषय बदलायचो.

मी स्वतःला समजवायचो की तुला कळलं असणार. तुझं नाक एवढं तल्लख, तुला कळलंय आणि तू मला माफ केलंयस. त्यावर मी दोन वर्षं झोपलो.

तेराव्याला तुझ्याकडे आलो होतो. जेवणं झाल्यावर वहिनी म्हणाल्या, "भावोजी, बाल्कनीत त्यांच्या बाटल्या आहेत. त्यांचं काय करायचं ते तुम्हीच सांगा. तुम्हाला त्यातलं कळतं."

बाल्कनीच्या ग्रिलमध्ये कॉफीच्या सहा जुन्या बाटल्या होत्या. प्रत्येकीत माती आणि मेथीची रोपं, काही जुनी वाळून काडी झालेली. प्रत्येकीवर लॅबसारखं लेबल. टँकरचे पाणी. जास्त पाणी. सावली. राडारोड्याची माती मिसळून. खत दुप्पट. ढिगाचा गरम भाग. शेजारी वही. वहीत रेघा आखलेल्या: काय बदलले, पेरले, उगवले, कारण. दोन वर्षं तू परत परत तेच केलं होतंस. पंपरूमच्या ढिगातलं उरलेलं खत गोणीत भरून घरी आणलं होतंस आणि एकेक गोष्ट बदलून बघत होतास. टँकरचं पाणी खारट होतं का? पाणी जास्त झालं का? सावलीने झालं का? पेरले दहा, उगवले नऊ. पेरले दहा, उगवले दहा. गरम भागातसुद्धा दहातले सहा उगवले होते. प्रत्येक ओळीत शेवटचा रकाना कोरा. शेवटच्या बाटलीवरची तारीख तू जाण्याच्या नऊ दिवस आधीची. तिच्यातली मेथी कोणी पाणी न घातल्याने मान टाकून पडली होती.

म्हणजे तुला कळलं नव्हतं. तुझ्या डोक्यात सहा संशय होते आणि त्यात मी नव्हतो.

मी बाल्कनीतच स्टुलावर बसलो आणि वहिनींना सगळं सांगितलं. गोण्या, डंपर, इतिवृत्त. सलग सांगितलं, आवाज हलला नाही. तोही हलायला हवा होता. त्या दाराला टेकून उभ्या होत्या, दुखऱ्या गुडघ्यावर भार न देता. म्हणाल्या,

"ते झोपेत पण म्हणायचे, कुठे चुकलं."

मी वही मिटून मांडीवर ठेवली.

"मला कशाला सांगता हे? मी काय हसले होते का त्यांना? ज्यांच्यासमोर गप्प बसलात त्यांना सांगा."

म्हणून हे इथे लिहितोय, सदा. वाचणाऱ्यांनी दोन पानं आठवणींची अपेक्षा केली असेल, त्यांनी मला माफ करू नये. हिरवळ सदानंद सावंतांच्या खताने गेली नाही. ती श्रीकांत जोगळेकरने मशीनच्या कच्च्या पावडरीने मारली, आणि पुरावा उचलून नेला. येत्या सभेत इतिवृत्त दुरुस्त करावं असा अर्ज मी आजच्या तारखेने दिला आहे. देशमुखांना घरी जाऊन सांगून आलो. ते चष्मा काढून पुसत राहिले. त्या क्रिकेटच्या पोरांना मात्र मी बाकावरून उठून सांगितलं. एकाने विचारलं, "मग आता आम्ही तुमचा प्रयोग म्हणायचं का?" मी म्हटलं, म्हणा.

एक काम राहिलं होतं, ते मी केलं. मशीन अजून चालू आहे. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन मूठभर पावडर आणली. कॉफीची बाटली घेतली, तुझ्यासारखंच लेबल चिकटवलं. अर्धी माती, अर्धी पावडर. दहा मेथीदाणे. मेथी तिसऱ्या दिवशी वर येते, हे मला तुझ्या वहीतून कळलं. तिसऱ्या दिवशी वर पांढरी बुरशी आली. पाचव्या दिवशी तोच वास आला. मी नाक लावून पूर्ण घेतला. आठवा दिवस झाला तेव्हा दाणे उकरून बघितले, काळे पडून फुटले होते.

वहीत या सातव्या बाटलीची ओळ लिहिली. अक्षर माझं आहे, तुझ्याइतकं सुवाच्य नाही. काय बदलले: मशीनची पावडर, चार महिने न मुरवता. पेरले दहा, उगवले शून्य. शेवटच्या रकान्यात माझं नाव लिहिलं. मग वरच्या कोऱ्या रकान्यांकडे बघितलं आणि ते तसेच ठेवले. तिथे लिहायला काही नव्हतं, तुझ्या बाजूने सगळं उगवलंच होतं.

काल वही परत द्यायला गेलो. वहिनींनी चष्मा लावून ती ओळ वाचली. "एकही नाही?"

"एकही नाही."

"बरं," म्हणाल्या. वही मिटली. मग आत जाऊन बाल्कनीतली ती गोणी पायाने ढकलत ढकलत दारापर्यंत आणली. पाऊण रिकामी झालेली. तुझ्या ढिगातलं शेवटचं.

"हे किती जागेला पुरेल?"

मी अंदाज केला. "एखाद्या चटईएवढ्या."

"मग तेवढे ब्लॉक काढायला सांगा. ए विंगकडचे. तेवढीच करा."

मला वाटलं काहीतरी म्हणावं, लोक हसतील वगैरे. त्याऐवजी खाली बसलो, गोणीचं तोंड उघडलं, बाही वर केली आणि तू सांगितलं होतंस तसा हात कोपरापर्यंत आत घातला. आत काही चालू नव्हतं. थंड होतं, सदा.